बंद पडदा आणि शुक्रवारचं पान

मी मुळात फटकळ. देवाशीसुद्धा माझं बोलणं तसंच. लहानपणापासून अंबाबाईसमोर उभी राहिले की आधी तक्रार आणि मग नमस्कार, असा माझा क्रम. आई रागवायची, "अगं, ती जगाची आई आहे, तुझ्या वर्गातली मैत्रीण नव्हे!" ती आई गेल्या वर्षी आषाढात गेली आणि मी देवीशी बोलणंच टाकलं. भांडलेही नाही. देव्हाऱ्यातला दिवा लावायचा थांबवला आणि समोरून जाताना मान फिरवायला लागले.

आम्ही डच मुलखात न्यूनेनला राहतो, आइंडहोवनच्या जवळ. आमची ओळीतली घरं संपली की लगेच मक्याची शेतं आणि गाईंची कुरणं सुरू होतात. माझा नवरा मंदार रोज सकाळी सायकलने ऑफिसला जातो. मी पुण्यात शाळेत गणित शिकवायचे, इथे आल्यापासून घरीच असते. आई मिरजेत अचानक गेली तेव्हा आमच्या इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं होतं, देश सोडता येईना. तिचं शेवटचं दर्शन मी फोनवर घेतलं. भावाचा हात इतका थरथरत होता की मला तिचा चेहरासुद्धा नीट दिसला नाही. मग फोन बंद झाला. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. आपल्याकडे अशा वेळी दारात चपलांचा ढीग पडतो. कोणी पिठलं-भात आणून देतं, कोणी नुसतं येऊन बसतं, काही बोलत नाही. माझ्या दारात कोणी आलं नाही, आणि येणार तरी कोण? कोणाला माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

इथल्या घरांना रस्त्याकडे भलीमोठी खिडकी असते आणि तिचे पडदे कोणी ओढत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या ताटात काय आहे तेही दिसतं. मला ते पहिल्यापासून अवघड जायचं. सासूबाईंची तर शिकवणच होती, की भरल्या घराला नजर लागते, जेवताना पडदा ओढून घ्यावा. आई गेल्यावर मी तो ओढला तो ओढलाच. मंदार सकाळी उघडायचा आणि त्याची सायकल वळली की मी परत बंद करायचे. दिवसभर त्या अर्ध्या अंधारात सोफ्यावर पडून राहायचं. आंघोळ झाली तर झाली. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, कशाला उघडले. मंदार बिचारा सारखा म्हणायचा, "आपण हाउसआर्ट्सकडे जाऊ या का?" म्हणजे इथल्या आपल्या डॉक्टरकडे. मी खेकसायचे, "मला काय वेड लागलंय?" त्याचं तोंड एवढंसं झालेलं मला दिसत होतं, पण त्याच्यासाठीसुद्धा माझ्यात काही शिल्लक नव्हतं.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी सवाष्ण जेवायला घालायची, पुरणावरणाचा स्वयंपाक करायचा, तिला हळदीकुंकू लावून दूध आणि फुटाणे द्यायचे, हा आमच्या सासरचा कुळाचार. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हा शुक्रवार त्यांनी कधी चुकवलेला नाही. म्हणाल्या, "तुझं सुतक कधीच फिटलंय. मनात नसलं तरी कर. हाताला सवय असते, मन येतं मागून." नाही म्हणायचीही ताकद नव्हती म्हणून मी हो म्हटलं. सवाष्ण शोधायला गेले तर इथल्या मराठी बायका सुट्टीत मुलांना घेऊन भारतात गेलेल्या. आइंडहोवनची एक पल्लवी तेवढी होती. ती येते म्हणाली.

त्या दिवशी मी फार दिवसांनी डोक्यावरून न्हाले. डाळ शिजवली, पुरण वाटलं. पोळ्या लाटताना तुपाचा धूर झाला की छतावरचा अलार्म बोंबलतो, म्हणून एका हाताने पोळी उलटायची आणि दुसऱ्या हाताने टॉवेल हलवायचा, असा सगळा थाट. कटाची आमटी, भजी, कोशिंबीर, भात. एकटीने सगळं केलं. पान वाढून रांगोळीचं एक बोट ओढलं आणि पल्लवीचा फोन आला. तिचा लेक तापाने फणफणला होता. "अगं, काही हरकत नाही, त्याला बघ तू," असं मी अगदी गोड आवाजात म्हटलं, फोन ठेवला आणि पानासमोर खालीच बसले.

काय सांगू, त्या वेळी जे वाटलं ते रडण्याच्याही पलीकडचं होतं. बाहेर पाऊस लागला होता, पडदा बंद, समोर वाढलेलं पान आणि त्याच्यावर बसायला अख्ख्या गावात माणूस नाही. मी महिन्याभरानंतर पहिल्यांदा देवीकडे बघितलं. मोठ्याने म्हणाले, "माझी आई नेलीस. ठीक आहे. आता या पानावर सवाष्णही धाडणार नसशील तर तुझं-माझं संपलं. मी पुन्हा दिवा लावणार नाही आणि पुन्हा उठणारही नाही." यातलं शेवटचं मी का बोलले ते मला माहीत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

दारावरची बेल वाजली.

मला वाटलं, पार्सल. दार उघडलं तर सत्तरीची एक उंच बाई, रेनकोटातून पाणी गळतंय, हातात काही नाही. अर्धं डच, अर्धं इंग्रजी अशा भाषेत ती म्हणाली, "मी रीट. मागच्या गल्लीत राहते. तुम्हाला त्रास द्यायचा नाही. पण तुमचा पडदा कितीतरी दिवस दिवसाढवळ्या बंद असतो. ऊन असतं तर मी समजले असते, पण सारखा पाऊसच आहे." मला वाटलं, झालं, आता तक्रार. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती हळूच म्हणाली, "माझ्या लहानपणी या गावात दिवसा पडदे ओढलेले दिसले की समजायचं, घरातलं कोणी गेलं. आता तसं कोणी मानत नाही. पण मला राहवेना. तुमच्याकडे कोणी गेलंय का?"

आई गेल्यापासून हा प्रश्न मला या देशात कोणी विचारला नव्हता. मी "माझी आई" एवढंच म्हणू शकले आणि दाराची चौकट धरून ढसाढसा रडले. ती बाई आत आली. दारातल्या चपला बघून तिने आपले ओले बूट काढले, मला सोफ्यावर बसवलं आणि शेजारी बसून राहिली. काही बोलली नाही. माझ्या दारात त्या दिवशी एकच बुटांचा जोड होता, पण होता.

मग ती स्वतःबद्दल बोलली. तिचा नवरा गाई पाळायचा. वय झालं, गोठा विकला आणि तो खिडकीपाशी बसून राहायला लागला. "मला वाटायचं, दमलाय. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. तो तसाच आतल्या आत विझत गेला." तो गेल्यावर गावातली ती आणि आणखी काही माणसं मिळून हे काम करायला लागली. कोणाचा पडदा उघडत नाही, कोणाची सायकल जागची हलत नाही, असं दिसलं की जाऊन बेल वाजवायची. गावाच्या सभागृहात दर गुरुवारी कॉफीचं टेबल मांडायचं. येईल त्याने बसावं. "तेव्हा विचारलं नाही," ती म्हणाली, "म्हणून आता सगळ्यांना विचारते."

एवढ्यात तिची नजर पानाकडे गेली आणि ती चटकन उठली. "तुमच्या जेवणाची वेळ झालीय, मी निघते." इथली हीच रीत. जेवायची वेळ झाली की पाहुण्याने उठायचं, बोलावल्याशिवाय कोणाच्या टेबलावर बसायचं नाही. ती बूट घालायला वाकली आणि माझा जीव कासावीस झाला. देवीने माणूस धाडलं होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत परत चाललं होतं. आणि माझ्या डोक्यात काय यावं? की ही सवाष्ण नाही. सासूबाईंना काय सांगू? कपाळ माझं! मरणाच्या दारात बसले होते आणि नियम आठवत होते. मी देवीकडे बघितलं. ती नेहमीसारखीच होती, शांत. मी म्हटलं, बाई, तू पाठवलीस, आता तुझं तू बघ. मी आपली वाढते.

मी रीटचा हात धरला. या देशात आल्यापासून मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. म्हटलं, "जाऊ नका. हे पान आज कोणीतरी जेवायलाच हवं. तुम्ही जेवलात तर माझ्यावर उपकार होतील." तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि बूट ठेवून दिले.

मी तिला हळदीकुंकू लावलं. तिने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. पुरणपोळी तिला पॅनकेकच वाटली. तुपासकट तिची गुंडाळी करून ती हाताने खात सुटली. आमटीने नाका-डोळ्यांतून पाणी आलं तरी वाटी पुढे करून आणखी मागितली. फुटाणे खिशात घालून घेतले. तिच्यासमोर बसून मीही जेवले. अन्नाला चव असते, हे मला तेव्हा पुन्हा कळलं. जाताना ती खिडकीपाशी थांबली आणि म्हणाली, "उघडू?" मी मान हलवली.

संध्याकाळी दिवा लावला आणि सासूबाईंना भीत भीत फोन केला. सगळं सांगून टाकलं, अगदी ती विधवा होती हेसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "पोटभर जेवली का गं ती?" म्हटलं, हो. "मग झालं," त्या म्हणाल्या. मग अगदी हलक्या आवाजात पुढे म्हणाल्या, "हे गेल्यापासून दर वर्षी मी सगळं रांधते, सवाष्णीला वाढते आणि मग आत जाऊन जेवते. मला त्या पानावर कोणी बस म्हटलं नाही." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सगळं झटक्यात बरं झालं, असं मी म्हणणार नाही. रीटकाकू स्वतः माझ्याबरोबर हाउसआर्ट्सकडे आल्या. (त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही.) डॉक्टरांनी औषध दिलं, बोलायला एक समुपदेशक दिली. वाईट दिवस अजूनही येतात. गुरुवारी मी कॉफीच्या टेबलाला जाते. आधी तोंड उघडत नव्हते, आता माझ्या मोडक्यातोडक्या डचवर सगळे हसतात आणि मीही हसते. आता मीही बेल वाजवायला जाते. आपल्या लोकांची घरं तर मला लांबूनच ओळखू येतात, पडदे बंद असतात ना! निम्म्या वेळा आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि सगळं ठीक असतं. मग चहा मिळतो. कधी कधी मात्र ठीक नसतं.

लोक मला विचारतात, हा चमत्कार होता का? मला ठाऊक नाही. रीटकाकू म्हणतात, त्या दिवशी पाऊस थांबला असता तर त्या आपल्या बागेत काम करत बसल्या असत्या. मी इतकंच जाणते, की मी देवीला अट घातली होती, आणि तिने माझी अट पाळली नाही. सवाष्ण नाहीच पाठवली. तिला जे पाठवायचं होतं ते पाठवलं. माझ्या हातात फक्त पान वाढणं होतं आणि आलेल्याला बस म्हणणं होतं. तेव्हापासून मी तक्रारी करते अजून, पण अटी घालत नाही.

यंदा श्रावणात सासूबाई इथे आल्या. शुक्रवारी मी दोन पानं मांडली. एकावर रीटकाकू बसल्या, दुसऱ्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "बसा." सासूबाई पदर सावरत मागे सरल्या. "अगं, मी कशी? मी वाढते ना." रीटकाकूंना मराठी कळत नाही, पण गेल्या वर्षी पानावर बसल्यावर आधी काय झालं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. त्या उठल्या, देव्हाऱ्याजवळची कोयरी घेतली, बोट बुडवलं आणि सासूबाईंच्या कपाळावर कुंकू टेकवलं. जरा वाकडंच लागलं. सासूबाई दगडासारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्यांनी ते कुंकू पुसलं नाही. पानावर बसल्या.

मी वाढायला वाकले तर मोठ्या खिडकीतून शेजारीण कुत्र्याला घेऊन जाताना दिसली. तिने आत बघून हात हलवला. सासूबाई सवयीने म्हणाल्या, "पडदा ओढ गं, लोक बघताहेत." मी पातेलं ठेवून खिडकीकडे निघाले.

"थांब," त्या म्हणाल्या. "राहू दे. बघू दे."

अंबाबाई, तुला माझा साष्टांग नमस्कार.