व्याही पुढं, व्याही मागं

तेलगावच्या गहिनीनाथला पळण्याचा नाद कसा लागला, हे त्याची बायको मंगल दोन शब्दांत सांगते, "शेळ्यांनी लावला."

गहिनीनाथकडं दोन एकर रान आणि पंधरावीस शेळ्या. शेळी हे गरीब जनावर आहे असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांनी ती कधी राखलेली नाही. ती बांध ओलांडून दुसऱ्याच्या कपाशीत शिरली की तिच्या मागं पळावं लागतं, आणि कपाशीचा मालक येताना दिसला की तिच्याही पुढं पळावं लागतं. यात तीस वर्षं काढलेला माणूस एकवीस किलोमीटरला काय भिणार?

म्हणून गावात दर जानेवारीला अर्धमॅरेथॉन भरायला लागली, तेव्हा पंचेचाळिशीच्या वरच्या गटात त्यानं नाव दिलं. तेलगावातून निघायचं, दिंद्रुडला वळसा घालायचा आणि माघारी यायचं. पहिल्याच वर्षी तो दुसरा आला. पहिला आला दिंद्रुडचा परमेश्वर. खताचं दुकान, उंच अंग, आणि पळताना तोंड असं की मयतीला निघालाय. गहिनीनाथ पोचला तेव्हा परमेश्वर शर्यत संपल्यावर मिळणारं केळं खाऊन साल टाकायला जागा शोधत होता. दुसऱ्या वर्षी तो केळं सोलत होता. तिसऱ्या वर्षी केळं त्याच्या हातातही आलेलं नव्हतं. हात लांब केला असता तर गहिनीनाथनं त्याचा बनियन धरला असता.

घोटाळा झाला तो त्याच वर्षी. दोघं बाप शर्यत संपते तिथल्या मांडवात आडवे पडून धापा टाकत होते. परमेश्वरला न्यायला त्याचा पोरगा सोमेश्वर मोटारसायकल घेऊन आलेला, गहिनीनाथसाठी त्याची लेक धनश्री टॉवेल घेऊन आलेली. बापांना श्वास सापडेपर्यंत पोरांना बरंच काही सापडलं होतं. दोन्हीकडच्यांनी चौकशा केल्या, नाव ठेवायला जागा मिळाली नाही, आणि मे महिन्यात लग्न उरकलं. व्याहीभेटीला दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की फोटोवाला म्हणाला, "जरा सैल धरा, कुस्ती वाटायली."

लग्न झालं आणि जानेवारी जवळ आला. औंदा गहिनीनाथचा दम असा वाढला होता की त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. आयुष्यात तो कशातच पहिला आला नव्हता. शाळेत नाही, सोसायटीच्या निवडणुकीत नाही, घरात तर चौथा. ही एक गोष्ट हाताशी आली होती, आणि नेमका पुढं पळणारा परमेश्वर आता मुलाचा बाप झाला होता. मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं मान खाली घालायची, हे सगळ्यांना माहीत. पण एकवीस किलोमीटर मान खाली घालून पळायचं कसं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

हॉटेलात गावातल्या रामप्रसादनं हटकलंच, "गहिन्या, औंदा काय बे?"

"काय म्हंजे? पळायचं."

"ते कळलं. इवायाच्या म्होरं का मागं?"

हॉटेलातली सगळी बशीतला चहा फुंकायची थांबली. गहिनीनाथ चहाचे पैसे ठेवून उठला.

घरी मंगलनं विचारायचीही तसदी घेतली नाही. "आवं, पोरीला नांदायचंय तितं. सासऱ्याचं तोंड उतरलं तर रोज ते तोंड तिनंच बगायचं. तुमी मिरवताल एक दिवस."

त्यानं ठरवलं, पळायचं, पण मागं.

शर्यतीच्या सकाळी गार वारं होतं. कापसाच्या गाड्यांतून उडालेल्या झुबक्यांनी कडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. परमेश्वर पुढं, दोन पावलं मागं गहिनीनाथ. मागं राहायला त्याला शिकावं लागलं नाही, तीस वर्षांचा सराव होता. बराच मागं विजयसिंह. गावातले मोठे बागायतदार, पायात महागाचे बूट, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, आणि व्हिडिओ काढायला मागं जीप. दर वर्षी ते तिसरे येत आणि दर वर्षी बॅनर लागे.

दिंद्रुडला वळणावर पाण्याचं टेबल होतं. तिथं विहीणबाई चतुराबाई जग घेऊन उभ्या, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली धनश्री.

"इवाई, मागं कावून?" चतुराबाई ओरडल्या. "पाय दुखायले का?"

"न्हाई इनबाई. मालकांना पोचवायलोय."

"त्यांना वाट ठाव हाय की! शेळी हायेत का ते?"

टेबलामागची मंडळी हसली. धनश्री हसली नाही. बापाच्या हातात पेला देताना ती हळूच म्हणाली, "आप्पा, असंच पळायचं होतं तर घरी बसायचं. माझ्यासाठी मागं राहायलाव, असं सांगू नका मला."

गहिनीनाथ अर्धं पाणी प्यायला, अर्धं अंगावर सांडून निघाला.

थोडं पुढं गेल्यावर परमेश्वर हळू झाला. गहिनीनाथही हळू झाला. परमेश्वर आणखी हळू झाला.

"व्हा की म्होरं," परमेश्वर म्हणाला.

"तुमी व्हा. मान तुमचा."

"मान लग्नात घेतला की सगळा. हितं कसला मान?"

"असं कसं? मुलाकडचे तुमी."

"आवो, दुकानात येईल तो गिऱ्हाईक म्हणतोय, औंदा इवाई शर्यत सोडणार म्हणं तुमच्यासाठी! आता म्या जिंकलो तरी हरल्यासारखंच. सोडलेली शर्यत काय आहेरात घालायलात का मला?"

"रागावू नका, मालक."

"रागावलो न्हाई. व्हा म्होरं."

"तुमी आधी."

होता होता दोघं चालायला लागले. पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा यावरून पाव्हणे अडून बसतात, तसे दोघं भर रस्त्यात अडून बसले. तेवढ्यात मागून फासफूस आवाज आला.

"राम राम पाव्हणं!" विजयसिंह बाजूनं जाताना म्हणाले. "बैठक चालू द्या!"

पाठोपाठ जीप गेली. जीपमधल्या पोरानं दोघांचा सावकाश व्हिडिओ काढला.

मग परमेश्वरनं मुलाच्या बापाला न शोभणारी एक शिवी हासडली आणि दोघंही सुटले.

विजयसिंहांना त्यांनी गावाअलीकडच्या चढावर गाठलं. एक डावीकडून गेला, एक उजवीकडून. घड्याळानं विजयसिंहांना ठोके किती वाढले ते सांगितलं असेल. मग रस्त्यावर दोघंच उरले. गहिनीनाथला आता ना हॉटेल आठवत होतं, ना मंगल. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, आणि आपला त्याच्यापेक्षा लांब चालतोय हे कळत होतं. उसाच्या ट्रॉलीला वळसा घालताना तो पुढं निघाला आणि यावेळी थांबला नाही.

मांडवात पहिलं केळं त्याच्या हातात आलं. त्याला ते खाववेना. परमेश्वर पाठोपाठच आला, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि चहासुद्धा न घेता सोमेश्वरच्या गाडीवर बसून निघून गेला.

"झालं समाधान?" मंगलनं विचारलं.

झालं होतं, हीच तर पंचाईत होती. गहिनीनाथ दिवसभर शेळ्यांमागं हिंडला, पण लक्ष खिशातल्या फोनवर. लेकीला फोन करावा, तर सासरी बाप विचारपूस करतोय असं दिसायचं. न करावा, तर जीव राहत नव्हता.

दिवस कलल्यावर तिचाच आला.

"मामा दुपारी जेवले न्हाईत," धनश्री सासऱ्याबद्दल म्हणाली.

गहिनीनाथ बांधावर बसला. "मग? तुला काय बोलले का?"

"न्हाई. बाजंवर पडून नुसतं आढं बगत होते. आत्याबाई म्हणल्या, राहू दे, भूक लागली की उठतेल. आन् मगाशी उठले. दोन भाकरी खाल्ल्या. मग मला हाक मारली."

"आन्?"

"म्हणले, सूनबाई, तुझा बाप रोज पळायला कवा उठतो?"

गहिनीनाथ तर पहाटे गाव झोपेत असताना पळून यायचा. त्यानं विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, लई निवांत. सातला उठतेत, च्या पितेत, मग जातेत."