खंडोबागत

दिव्यांग लेकरांच्या घरी जाऊन त्यांच्या शिक्षणाची, पुढच्या सोयीची आखणी करायची, हे माझं काम. अणदूरच्या एका घरात मी विचारलं, "तुमच्या माघारी पोरीचं कसं?"

बाप हसला. "खंडोबागत, मॅडम. देव थोडे महिने हितं, थोडे नळदुर्गला. हीबी तशीच. हितं तिच्या थोरल्या भावाकडं, मग नळदुर्गला धाकट्याकडं."

माझं डोकंच सणकलं. पोरगी म्हणजे काय गाठोडं आहे? चहा तसाच ठेवून मी उठले, पुन्हा बसले. "तिला विचारलंत का?"

शेंगा फोडता फोडता पोरगीच अडखळत बोलली, "देवाला न्यायला पालखी येती. मला न्यायला कोण येतंय?"

दोघं भाऊ समोरच बसले होते.