काशीचा मागचा उजवा सड

जी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा माझा खाक्या. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी यथेच्छ चेष्टा करायचो... तरीही हे लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका शेतकी कॉलेजात मी पशुविज्ञान शिकवायचो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसा म्हशीखाली बसल्याशिवाय हा विषय येत नाही. म्हणून सकाळी सातचं प्रॅक्टिकल थेट गोठ्यात. गोठा धोंडूमामांकडे. माणूस सोन्यासारखा, पण एका बाबतीत आमचं कधी पटलं नाही. पुस्तक सांगतं, सड पूर्ण मुठीत धरा; अंगठा दुमडून दूध काढलं तर सडाला इजा होते. मामा अंगठा दुमडूनच काढायचे. मुलांसमोर टोकलं की हसून म्हणायचे, "काशीला इचारा, सायेब."

काशी ही त्यांची लाडकी म्हैस. मामा तापानं आजारी पडून संगमेश्वरजवळच्या आपल्या गावी गेले आणि काशीनं पान्हा चोरला. चार दिवस सगळ्यांनी खटपट केली, मीही केली – अगदी शास्त्रशुद्ध! – पण दूध जेमतेम तांब्याभर. अशीच आटली तर तिला विकायचं, असं वरून ठरलं. मला फार वाईट वाटत होतं. मामांना कुठल्या तोंडानं सांगणार?

पाचव्या दिवशी नीताचा नंबर होता. मुंबईची मुलगी, म्हशीला हात लावायलाही घाबरणारी. ती खाली बसली आणि काशीनं पान्हा सोडला. बादलीत फेस चढायला लागला. मी आनंदानं पुढे गेलो आणि बघतच राहिलो – तिचा अंगठा दुमडलेला! ही तुकडी मामा गावी गेल्यावर पहिल्यांदा गोठ्यात आली होती. मामांना तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

"सर, हात आपोआप वळतायत," एवढंच ती म्हणाली. आठ वाजले, तास संपला, मी तिला उठवलं.

ही बातमी द्यायला मी लगेचच एसटीनं मामांच्या घरी गेलो. मामींनी दारातच सांगितलं, सकाळी सातपासून तासभर तापात त्यांचे हात गोधडीवर दूध काढल्यासारखे चालले होते. आता ताप उतरला होता. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर मामाच म्हणाले,

"पोरीचा हात मऊ हाय, सायेब. पन मागल्या उजव्या सडात दूध ऱ्हायलाय. ता काढून घेवा, नायतर दगडी व्हईल."

दगडी म्हणजे कास सुजून घट्ट होणं. मी चहा कसाबसा संपवला आणि मिळेल त्या एसटीनं परत आलो.

संध्याकाळी गोठ्यात हात लावून पाहिलं. तीन सड मऊ, मागचा उजवा तटतटलेला आणि गरम. मी बादली घेऊन बसलो, मूठ आवळली... काशीनं पाय झाडला. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून मी अंगठा दुमडला. तिनं मुकाट्यानं दूध दिलं.

काशी गोठ्यातच राहिली. पंधरवड्यानं मामाही परत आले. त्यांना विचारलं, तर तापात काय बोललो ते आठवत नाही म्हणाले. मला आजतागायत याचा उलगडा झालेला नाही. पण त्यानंतर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत अंगठ्याचे मार्क मी कुणाचेच कापले नाहीत.