कूस बदलल्याची वही

आरोग्य केंद्रात माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्याची होती आणि ती मला आवडायची, हे आधीच कबूल केलेलं बरं. गावोगावच्या नर्सबाया घरी जाऊन बाळंतिणी, तान्ही लेकरं, अंथरुणाला खिळलेली माणसं बघायच्या. त्यांनी ते खरंच केलं का, हे मी रजिस्टर उघडून तपासायचे. कोणती सही मागाहून केली, कोणती पानं एका दमात उरकली, हे मला शाईवरून कळायचं. मी वारंगा फाट्याला बसमधून उतरले की माझ्या आधी बातमी पुढच्या गावात पोचायची.

परभणीतून निघून हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, त्या सुमाराला हट्ट्याला, आमच्या गावी, अण्णांना लकवा मारला. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उजवं अंग गेलं, वाचा गेली, समज मात्र शाबूत राहिली. आई आधीच गेलेली. पुण्याचा भाऊ त्यांना न्यायला आला, तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने बाजेचं लाकूड धरलं ते सोडेनात. शेवटी भाऊ म्हणाला, "राहू दे इथंच. पण पाठीला एक जरी जखम दिसली, तर त्याच दिवशी मी गाडी घेऊन येईन." त्याचं चुकत नव्हतं. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखम झाली की ती हाडापर्यंत जाते, हे मी नोकरीत बघितलं होतं.

मी हिंगोलीला नोकरीत अडकलेली. म्हणून अण्णांकडे एक मावशी ठेवली. बुद्धविहाराच्या मागे राहणारी, साठीकडे झुकलेली, गावातल्या बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊमाखू घालण्यात जिचा जन्म गेला होता अशी बाई. ती घरीच राहायला आली. मी तिला दोनशे पानी वही आखून दिली. दर दोन तासांनी अण्णांची कूस बदलायची आणि त्या वेळच्या रकान्यात एक रेघ ओढायची. मावशीला लिहिता येत नव्हतं, पण रेघ काय, कुणीही ओढतं.

दर रविवारी मी अकराच्या गाडीने जायचे आणि चप्पल काढायच्या आधी वही मागायचे. रेघा सैन्यातल्या शिपायांसारख्या उभ्या असायच्या. मी खूश. वर्षभर हे असंच चाललं.

मग एका रविवारी मी मुद्दाम पहिल्या गाडीने गेले. आपल्याच घरावर धाड घालायची खोड, दुसरं काय. मावशी चुलीपुढे होती. मी वही उघडली, तर रविवार पूर्ण भरलेला. सोमवारही भरलेला. मंगळवार अजून उगवायचा होता आणि अण्णांची दुपारपर्यंत कूस बदलून झाली होती.

माझा पारा चढला. तोंडाला येईल ते बोलले. वर्षभर मला फसवलं, माझ्या बापाच्या जिवाशी खेळ केला, आजच भावाला फोन करते, असं सगळं. बाजेवर अण्णा डाव्या हाताने लाकूड धरून माझ्याकडे बघत होते.

मावशीने पदराला हात पुसले. "वही खोटी हाय, ताई. पाठ खोटी न्हाई. पाठ बघा."

"मग भरली काहून?"

"तुमी आल्या की वही बघता. भरलेली दिसली की तुमचा जीव भांड्यात पडतो. पाठ तुमी कधी बघितली?"

शेकडो माणसांच्या पाठी मी उघड्या करून बघितल्या होत्या, पण अण्णांची नाही. आमच्याकडे मोठी झालेली लेक बापाच्या अंगावरचं पांघरूण काढत नाही. मी नर्स असले तरी त्या घरात लेकच होते, आणि त्या लाजेवर मी वहीचं पांघरूण घातलं होतं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मावशीने त्यांना एका हाताच्या आधाराने अलगद वळवलं आणि सदरा वर केला. मी माकडहाड बघितलं, खवाटे बघितले, टाचा, कोपरं, कानांमागची कातडीसुद्धा बघितली. कुठे लालसर डागही नव्हता. न्हाऊ घातलेल्या लेकराची असावी तशी तेलानं मऊ झालेली पाठ. एवढे दिवस पडून असलेल्या माणसाची अशी पाठ मी उभ्या नोकरीत बघितली नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळात गेल्यावरही मला असं कधी झालं नव्हतं.

"घड्याळ तर तुम्हाला कळत नाही," मी हळूच म्हणाले.

"घड्याळ काहून पाहिजे? पहिली अजान झाली की डावी कूस. शाळेची घंटा झाली की उजवी. वसमतची गाडी आली, लाइट गेली, गुरं परतली... गाव सांगतंच की. अन् रातीला अंगच जागं होतं. लेकरं वाढवल्याली हायेत."

मी कान पकडले, अगदी खरोखर. म्हटलं, आता वही बंद करा. ती म्हणाली, "बंद काहून? तुमचं बी बराबर हाय. उद्या मी कंटाळले तर तुमाला कसं कळंल?"

पुढच्या रविवारी वहीतले शिपाई गायब होते. रेघा वाकड्या, काही रकान्याबाहेर गेलेल्या. मावशीने दोऱ्याने बाजेला पेन्सिल बांधली होती. "ज्याची कूस वळली त्यानंच खूण करावी," ती म्हणाली. "मी फकस्त वही धरते."

तेवढ्यात वसमतच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. अण्णांची मान दाराकडे वळली. मावशीने त्यांना वळवलं, उशी लावली आणि वही पुढे केली. अण्णांनी डाव्या हाताने पेन्सिल धरली आणि जीभ दातांत धरून रेघ ओढली. चालत्या गाडीत तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलावर खूण करताना त्यांची जीभ अशीच दातांत असायची. जन्मभर मी तपासण्या केल्या, पण सेवा झाली की नाही हे ज्याची सेवा होते त्याला विचारावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. अक्षरशत्रू बाईला सुचलं.

अण्णा त्यानंतर दोन वर्षं जगले, हट्ट्यातच. ते गेले तेव्हा भाऊ पुण्याहून आला. अंघोळ घालताना त्याने त्यांना वळवलं आणि हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिला. मग बाहेर आला आणि चारचौघांसमोर मावशीच्या पाया पडला. मावशी मागे सरकली.

सगळे पांगल्यावर तिने वही आणून माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर सहाच्या रकान्यात एक रेघ होती, वाकडी, पण रकान्याच्या आत. आठचा रकाना कोरा होता.

"या कोऱ्या खान्याच्या येळंला बी मी वळवलं होतं, ताई," मावशी म्हणाली. "पण त्यायनी पेन्सिल न्हाई धरली."