नानाजींचं संशोधन, मुक्काम आफ्रिका

नोकरी संपली की लोक विचारतात, आता वेळ कसा घालवता? माझा वेळ किस्से निवडण्यात जातो! लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी तेवढाच परत. आमच्या कारखान्यात किश्शांचं तसंच होतं. सिंदी मेघेच्या रस्त्याला, कापसातून सरकी वेगळी करायच्या मशीन बनवणारा तो कारखाना. सत्तरचं दशक संपता संपता मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले, आणि टाइप कमी केलं, हसले जास्त. भिशीला जमलो की मैत्रिणी म्हणतात, "सुमन, ते आफ्रिकेचं सांग." सांगते, पण ते एकदम सांगून मजा नाही. सुरुवातीपासून ऐका.

*

आमचे मालक नानाजी. शिक्षण चौथीपर्यंत, आवाज पार आर्वीपर्यंत! एक दिवस त्यांचे टॅक्सचे वकील नागपूरहून आले आणि म्हणाले, "नानाजी, संशोधनाच्या खर्चावर सरकार टॅक्समध्ये सूट देते. तुमच्याकडे संशोधन होते का?"

"नाई बा. आमच्याकडे मशीन होते."

"तो शुरू करो ना! कोणी रोकलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या टिनाच्या शेडमधली शेळी बाहेर आणि 'संशोधन विभाग' अशी पाटी दारावर. विभागात माणूस एकच, आमचे इंजिनिअर वानखडे. अबोल, सज्जन, रविवारीसुद्धा हाताला ग्रीस लावून बसणारा. नानाजींनी त्यांना पांढरा कोट शिवून आणला आणि खुर्चीत बसवलं.

"हं, आता शोध."

"काय शोधू, नानाजी?"

"आता तेही मीच सांगू? मग तुले कायले बसवलं!"

*

गंमत म्हणजे वानखडे खरंच शोधायला लागले. कोणाला वाटलं नव्हतं, नानाजींना तर मुळीच नाही! नानाजींचा एक जुना स्नेही टांझानियात व्यापार करायचा. तिथे कापूस पुष्कळ, म्हणून वानखड्यांच्या डोक्यात आलं की आपली मशीन तिथल्या कापसावर चालवून पाहावी. मशीन जहाजानं, माणूस विमानानं. नानाजींनी खर्च ऐकला आणि पाणी मागितलं.

वकील म्हणाले, "घाबरू नका. परदेशातलं संशोधन म्हणून दाखवू. फक्त एक ध्यान में रखो. तुमचा माणूस तिथं मशीन विकायला गेला असं टॅक्सच्या साहेबाले वाटलं, तर सूट गेली. म्हणून आजपासून ऑफिसात विक्री हा शब्द बंद!"

नानाजींनी लगेच नियम केला. जो हा शब्द बोलेल त्यानं चार आणे चहाच्या डब्यात टाकायचे. महिनाभर आम्ही सगळ्यांनी फुकट चहा प्यायला, कारण डबा एकटे नानाजीच भरत होते! शेवटी ते इतके धास्तावले की देवळीहून एक गिऱ्हाईक मशीन घ्यायला आलं तर त्याला म्हणाले, "आम्ही विक... हे आपलं, आम्ही मशीन देतो. तुम्ही पैसे देजा. मधात काई झालं नाई!"

गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. त्या अर्ध्या शब्दाचे चार आणे नानाजींनी मलाच मागितले, मी हसले म्हणून.

*

वानखडे आफ्रिकेत पोचले. महिनाभरानं त्यांचा ट्रंक कॉल येणार असं कळलं, म्हणून त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, ऑफिसात बोलावून घेतलं. बिचारी नवी साडी नेसून सकाळपासून फोनसमोर बसलेली. फोन लागला. वहिनींनी रिसीव्हर धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अहो, जेवले का तुम्ही?"

झालं! नानाजींनी बाजूनं कपाळावर हात मारला. "वयनी, असं नोका विचारू! हा कॉल संशोधनात लावाचा हाय! मशीनचं विचारा, मशीनचं!"

वहिनी गोंधळल्या. पदरानं नाक पुसलं आणि मोठ्यानं ओरडल्या, "अहो, मशीन जेवली का?"

तिकडून वानखडे काय म्हणाले ते फक्त वहिनींनाच ऐकू आलं. त्या लाजून लाल झाल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "मशीन मजेत हाय. तिले घरची लय याद येऊन राह्यली म्हणे."

*

परत येताना वानखड्यांनी एक पिशवी भरून पावत्या आणल्या. वकिलांनी बजावलं होतं ना, प्रत्येक खर्चाची पावती पाहिजे! केळीवाल्याची पावती, हमालाची पावती, एका पावतीवर तर नुसता अंगठा. वकील एकेक पावती उलगडत होते आणि मी टाइप करत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"हे काय, वानखडे? न्हाव्याची पावती?"

"हो साहेब. मशीन लय कापूस उडवे. डोक्यात अडकून बसे. मग केस कापले. आता हा संशोधनाचाच खर्च झाला ना?"

वकिलांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वानखडे, तुम्ही वकील का नाही झाले?"

पावती मात्र त्यांनी हळूच खिशात घातली. फाईलला लावली नाही.

*

मग इन्कमटॅक्सचा एक इन्स्पेक्टर पाहणीला आला. नवीन पोरगा, कागदावर लिहिलं असेल तेवढंच करायचं अशा स्वभावाचा. म्हणाला, "संशोधनाची जागा बघायची आहे."

मी म्हटलं, "आफ्रिकेत आहे."

"कसं जायचं?"

"आधी मुंबई. तिथून पुढे विमान."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "मला प्रवासभत्ता फक्त एस.टी.चा मिळतो."

नानाजींना त्याची दया आली. त्यांनी त्याला निदान मागचं शेड तरी दाखवलं. वानखड्यांनी आफ्रिकेतून आणलेला कापूस तिथे टोपलीत ठेवला होता, आणि त्यावर कोणाची तरी कोंबडी निवांत अंडं उबवत बसलेली! इन्स्पेक्टरनं पेन उघडलं. "हे काय?"

नानाजी एक क्षणही अडखळले नाहीत. "प्रयोग सुरू हाय. हात नोका लावू."

पोरगा चवड्यांवर, आवाज न करता बाहेर गेला.

*

हसत होतो खरं, पण टॅक्स ऑफिसातल्या सुनावणीची तारीख आली तेव्हा कोणाला हसू येईना. वर्षभर धंदा मंद होता. नानाजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सूट भेटली तर संशोधन. नाई भेटली तर शेडात सरकीचे पोते, अन् वानखडे, तू परत फिटिंगवर." वानखड्यांनी शेडात जाऊन आपला कापूस ओढणारा, अर्धवट झालेला नवा रोलर पुसला आणि परत कापडात गुंडाळून ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला नागपुरातून जास्त पगाराची नोकरी आली होती, ती त्यानं त्या टिनाच्या शेडासाठी सोडली होती.

वकिलांनी आदल्या दिवशी वानखड्यांची तयारी करून घेतली. "तुम्ही बोलूच नका. मी बोलतो. साहेबानं विचारलंच तर म्हणा, मशीन एकदम फर्स्ट क्लास चालली."

"पण साहेब, मशीन..."

"फर्स्ट क्लास!"

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. फाईल सांभाळायला मी होते. टॅक्सचे साहेब बाहेरगावचे, बारीक आवाजाचे, चेहरा असा की यांना कोणी कधी हसवलंच नसावं. वकिलांनी सुरुवात केली. आफ्रिकेत आपल्या मशीननं कशी कमाल केली, शेतकऱ्यांची कशी झुंबड उडाली, टाळ्या कशा पडल्या! पुष्कळ वेळ बोलले. नानाजींची छाती फुगत चालली होती. स्वतःचीच मशीन त्यांना नव्यानं आवडायला लागली होती.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकी झुंबड उडाली म्हणता. मग ऑर्डर किती मिळाल्या?"

वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"वकीलसाहेब, तुमच्याच बोलण्यावरून दिसतंय. हा माणूस माल खपवायला गेला होता. याला मी संशोधन कसं म्हणू?" त्यांनी फाईल मिटली. नानाजींची छाती जागच्या जागी बसली. मी वानखड्यांकडे पाहिलं. ते आपल्या हातांकडे बघत होते.

मग साहेबच वानखड्यांना म्हणाले, "तुम्ही गेला होता ना? तुम्ही सांगा. कशी चालली मशीन?"

वकिलांनी टेबलाखालून वानखड्यांच्या पायावर पाय दिला. मला दिसला!

वानखडे उभे राहिले. "चाललीच नाई, साहेब."

नानाजींनी डोळे मिटले.

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी तिथला कापूस आपल्या रोलरमधी फसला. धागा तुटे, सरकी फुटे. पट्टा बदलला, तरी तेच. लोकं हसत. शेवटी त्यायनं मशीन उचलून बाहेर झाडाखाली ठेवली. मी रोज तिथं बसून खोलून पाहो. काऊन चालत नाई ते आता समजलं, साहेब. त्याच्यासाठीच नवा रोलर करून राह्यलो."

"आणि ती मशीन? ती कुठे आहे?"

"तिथंच. वापस आनाचा खर्च लय होता. म्हटलं, कोणी ठेवून घ्या. फुकट देत होतो, साहेब. फुकट बी कोणी घेतली नाई."

साहेबांच्या ओठांचे कोपरे हलले. मग खांदे हलले. मग तो माणूस रुमाल तोंडाला लावून इतका हसला की बाहेरचा शिपाई दार उघडून आत बघायला आला. हसणं आवरल्यावर त्यांनी फाईल परत उघडली आणि वकिलांना म्हणाले, "जे फुकटही कोणी घेत नाही, ते विकायला गेला होता असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

आणि सही केली!

बाहेर आलो. वकील रुमालानं कपाळ पुसत होते. वानखडे चप्पल घालता घालता दोनदा चुकले. नानाजींनी वानखड्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पुढच्या साली सुदानले जाजो, वानखडे. अन् ध्यान ठेवजो, तिथं बी चालली नाई पाह्यजे!"