कांबळे सरांची चपाती

मधल्या सुट्टीत डबा उघडला की कांबळे सर पहिली चपाती उलगडून खिडकीच्या उजेडाकडे धरत. मग म्हणत, "सर, ही चपाती न्हाय, पगार हाय."

निपाणीच्या हायस्कुलात ते इतिहास शिकवत, मी गणित. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत राबलेली. लहानपणी त्यांनी गहू पाहिला तो दुसऱ्यांच्या लग्नात, पंगत उठल्यावर. नोकरी लागली त्या महिन्यापासून घरात जोंधळा बंद झाला.

पुढे चार-पाच वर्षांत माणूस वाळत गेला. सतत जुलाब, अंगात रक्त नाही. जंताची, आमांशाची औषधं झाली. शेवटी मिरजेला आतड्याचा तुकडा तपासला. डॉक्टरांनी सांगितलं, गहू आतडं खातोय, तो जन्मभर बंद. दुखणं मुलांतही उतरू शकतं, लेकीवर लक्ष ठेवा.

"डॉक्टरानं मला परत आमच्या गल्लीत धाडलं, सर," ते म्हणाले. "जा म्हटला, भाकरी खा."

प्रकृती फारच ढासळली होती, म्हणून काही आठवड्यांसाठी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या होत्या. जुलाब थांबले, भूक लागली. गोळी असली की गहू चालतो, असा सरांनी आपल्यापुरता निष्कर्ष काढला. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणत राहिले आणि डब्यात पुन्हा चपाती आली.

चेहरा गोल, तुकतुकीत झाला. लोक म्हणत, "कांबळे सर लई सुधारले." मला मात्र काडीसारखे हातपाय दिसत, नुसत्या धक्क्याने उठणारे काळेनिळे डाग दिसत. झोप उडाली होती, लघवीत साखर निघाली होती.

"गोळीनं दुखणं फक्त झाकलंय," मी एकदा स्पष्ट बोललो. "भाकरी मीही रोज खातो. त्यात कमीपणा काय?"

ते हसले. "तुम्ही हौसेनं खाता, सर. मी खाल्ली ती दुसरं काय नव्हतं म्हणून. दोन्ही भाकऱ्या एक न्हाईत."



एका सकाळी पाण्याची बादली उचलताना त्यांचा मणका मोडला. गोळ्यांनी हाडं पोकळ केली होती. अंथरुणात पडल्यावर मात्र सरांनी गहू सोडला. पत्नी सुमनबाई भाकरी कुस्करून भरवत. पण आतड्याने आता पथ्यालाही दाद दिली नाही. गोळी कमी केली की जुलाब उसळत, वाढवली की हाडं जात. "दोन्हीकडनं वजाबाकीच की, सर," ते मला म्हणाले. पावसाळ्यात साधा ताप आला, छातीत उतरला. त्याच्याशी झुंजायची ताकदही गोळ्यांनी ठेवली नव्हती. सर त्यातच गेले. वय चाळिशीच्या आत.

पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. बुद्धवंदना झाली, पानं मांडली. सगळ्यांना चपात्या वाढल्या. सुमनबाईंनी लेकीच्या ताटात तेवढी भाकरी ठेवली. सरांच्या आईने ती उचलली.

"बाप गेला म्हणून पोरीला भाकरी घालतीस व्हय गं?"

"आत्या, डॉक्टर म्हणालते..."

"त्या डॉक्टरानं माझा ल्योक राखला का?"

म्हातारीने दोन चपात्या वाढल्या, वर तूप सोडलं. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. म्हातारीने वर बघितलंसुद्धा नाही.

पोरीचे दंड बारीक होते, पोट पुढे आलेलं. ती भरभर जेवत होती.