मावशींची सभ्य तक्रार

एका सार्वभौम राष्ट्राच्या अध्यक्षाचा लेखी अपमान करून त्याचं प्रायश्चित्त म्हणून जन्मभर गोड बोलायचं ठरवणारी बाई साऱ्या कॅनडात एकच असेल, आणि ती माझ्या बायकोची मावशी आहे. मावशी मूळच्या नागपूरच्या. ओटावात एका सरकारी खात्याच्या तक्रार-विभागात त्यांनी आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर शहराच्या कनाटा उपनगरात कॉन्डोत राहून आमच्या आंबेडकर मंडळावर जरब बसवली. जयंतीच्या कार्यक्रमाला उशीर झालेले लोक मावशी दारात दिसल्या की पार्किंगमधूनच घरी परतत. एकदा भर बर्फात, घसरू न देणारे विंटर टायर न लावता मी त्यांच्याकडे गेलो, तर खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाल्या, "जावईबापू, इन्शुरन्स मोठा दिसते तुमचा. चला, पोरगी तरी सुखात राहील."

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते. आफ्रिकेतल्या एका देशातली. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिची आई अजून तिथंच आहे. तिचा धाकटा भाऊ तिकडे शाळामास्तर होता. शाळेचं छप्पर मुलांच्या अंगावर कसं कोसळलं, असं त्याने भर सभेत मंत्र्याला विचारलं आणि संध्याकाळच्या आत त्याला उचलून नेलं. ना आरोप, ना कोर्ट, ना वकील. ती रडत मावशींकडे आली. तक्रार म्हटलं की मावशींच्या अंगात येतं. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून एक मानवाधिकार आयोग नेमलेला आहे, आणि तिथं कुणीही, अगदी कनाटातली पेन्शनर बाईसुद्धा, त्या देशांविरुद्ध तक्रार करू शकते, हे त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं.

तक्रार झकास झाली होती. फक्त शेवटी राहवेना म्हणून मावशींनी एक वाक्य जोडलं: 'अध्यक्षमहाशयांच्या डोक्यात जे आहे, ते आमच्याकडे हिरव्या डब्यात टाकतात आणि नगरपालिकेची गाडी येऊन उचलून नेते.' ते वाचून मी टाळी दिली, तेव्हा पापात मीही वाटेकरी आहे. आयोगाचा एक नियम आम्ही दोघांनीही नीट वाचला नव्हता. ज्या सरकारविरुद्ध तक्रार, त्याच्याबद्दल अपमानाचे शब्द चालत नाहीत. दीड वर्षाने उत्तर आलं की या भाषेमुळे तक्रार विचारात घेता येत नाही. भाषा सुधारून पुन्हा पाठवायची तर पाठवा. शेजारीण पत्र वाचून एवढंच म्हणाली, "इट्स ओके, आंटी." तो मुलगा दीड वर्ष आत होता आणि आम्ही कचऱ्याच्या डब्यावर हसत होतो. मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी तक्रार लिहायला घेतली. पण जीभ मोकळी सोडून फक्त पेन सभ्य राहत नाही, असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी चोवीस तास सराव सुरू केला. बर्फ शोव्हल न करणाऱ्या बिल्डिंग मॅनेजरला त्या 'आदरपूर्वक निदर्शनास आणून' देऊ लागल्या. तो बिचारा इतका घाबरला की त्याने शेजारच्या बिल्डिंगचाही बर्फ काढला. हळूहळू आयोगाचे नियम स्वयंपाकघरात शिरले. आयोगाकडे येण्याआधी 'स्थानिक उपाय', म्हणजे त्या देशातली कोर्टं, पालथी घालावी लागतात. मी वरण अळणी आहे म्हटलं, की मावशी विचारायच्या, "स्थानिक उपाय संपवले का जी? मीठ तुमच्या हाताशीच हाय." नुसत्या बातम्यांच्या भरवशावरही तक्रार चालत नाही. मंडळात कुणी व्हॉट्सॲपवरून एखादी भानगड आणली, की मावशी शांतपणे म्हणत, "तुम्ही स्वतः पाहिलं? नाही ना? मग तक्रार नका करू." मंडळातली निम्मी भांडणं बंद पडली आणि मीटिंगला जाण्यातली मजाच गेली.

नवी तक्रार गेल्यावर तिकडच्या सरकारने आयोगाला कळवलं, आमची कोर्टं उघडी आहेत, आधी तिथं जा. म्हाताऱ्या आईचा अर्ज कोर्टातल्या कारकुनाने तीनदा हातातसुद्धा घेतला नव्हता. मावशींनी तसं घडल्याची प्रतिज्ञापत्रं मिळवली आणि 'माननीय सरकारचा बहुधा गैरसमज झाला असावा' असं लिहून जोडली. सरकारने मुदत मागितली, ती मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. माझं डोकं फिरायचं. "मावशी, हा आयोग आहे की गोगलगाय?" म्हटलं, की त्या दाराकडे बघून दटावायच्या, "भाषा, जावईबापू!" जणू सरकारचा वकील बाहेर बुटांच्या रॅकमागे दडून बसला होता.

मागच्या हिवाळ्यात निकाल लागला. तक्रार ग्राह्य, मास्तरवर अन्याय झालेला आहे, त्याला सोडावं. मी बर्फी घेऊन धावलो. शेजारणीने व्हिडिओ कॉल लावून सगळा निकाल आईला तिच्या भाषेत वाचून दाखवला, आणि म्हातारीने स्क्रीनवरूनच मावशींना हात जोडले. मी मात्र त्या गडबडीत विसरलो होतो की आयोग फक्त सांगू शकतो. तुरुंगाची किल्ली सरकारच्याच खिशात असते. बर्फ वितळला, उन्हाळा गेला, सरकारकडून हूं नाही की चूं नाही.

गेल्या रविवारी दुपारी पुन्हा कॉल लागला होता. आईने काहीतरी विचारलं. शेजारीण हळूच म्हणाली, "शी इज आस्किंग, आंटी... व्हेन इज ही कमिंग होम?" प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं देणाऱ्या मावशींनी म्हातारीला नुसते हात जोडले. कॉल संपल्यावर चष्मा पुसून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "बोटं दुखतात माझी. तुम्ही लिहा."

मी खुर्ची ओढून बसलो. "माननीय महोदय," मावशी सांगू लागल्या, "आपण दिलेल्या निर्णयाबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत. सदर सरकारने त्याचा अंमल अद्याप केलेला नाही, हे नम्रपणे कळवतो." आवाज इतका मऊ की मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी वर्षं मी ज्या जिभेला टरकून होतो, तिने त्या वेळी एक, अगदी एकच, सणसणीत शिवी हासडावी असं मला फार फार वाटत होतं. मी थांबून वाट पाहिली.

"लिहिलं का?" मावशी म्हणाल्या. "पुढे लिहा, कृपया."